शून्य कुठं धरायचं?

मंडळी, गेल्या वर्षी आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमात मी दिसलो नाही म्हणून बऱ्याच जणांचे फोन आले. "सर, फराळ सोडून कुठं गेला होतात?" असं कुणी विचारलं की ही परस्पर सांगून टाकायची, "जरा बरं नाहीये त्यांना." आता वर्ष उलटलं, खरं सांगायला हरकत नाही. त्या ऑगस्टमध्ये मला स्ट्रोक झाला होता. डाव्या हाताची ताकद गेली होती. त्या हातानं फराळाची बशीसुद्धा धरता येत नाही, हे चारचौघांत दिसावं असं मला वाटत नव्हतं. कारण एवढंच.

सकाळी उठलो तेव्हा हात जड वाटत होता. अंगाखाली दबला असेल, मुंग्या आल्या असतील, असं म्हणून मी चहा प्यायलो, पेपर वाचला. हिनं दोनदा विचारलं, मी दोनदा उडवून लावलं. दुपारी जेवताना आमटी ओठांच्या कोपऱ्यातून सांडायला लागली, तेव्हा हिनं मला न विचारता 911 ला फोन केला. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध असतं, पण ते लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण 4.5 तासांच्या आत द्यावं लागतं. माझी ती वेळ चहा आणि पेपरात गेली होती. डॉक्टरेट असून माणूस किती अडाणी असू शकतो, याचा यापेक्षा चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

पण हा लेख आजारपणाचा नाही, एका खेळाचा आहे. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

2006 साली निन्टेन्डोचा वी बाजारात आला. तुमच्यापैकी पुष्कळांच्या बेसमेंटमध्ये तो असेल. रिमोटसारखी एक कांडी हातात धरायची आणि समोर रॅकेट असल्यासारखा हात फिरवायचा, की टीव्हीतला खेळाडू चेंडू मारतो. आमचा धाकटा तेव्हा कॉलेजात होता. नाताळच्या सुट्टीत घरी आला आणि दोन दिवसांत त्यानं शोध लावला की उभं राहायची काही गरज नाही. सोफ्यावर लोळून, एका हातात चिप्सची पिशवी आणि दुसऱ्या हाताच्या मनगटाला नुसता झटका, एवढ्यावर तो टेनिसचे सामने जिंकत होता. मी त्याला चांगलं अर्धा तास सुनावलं. "हे टेनिस नाही. तू खेळाला फसवतोयस." तो म्हणाला, "बाबा, स्कोअर बघा ना." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

त्या कांडीत होतं काय? आपल्या इथल्याच, मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅनालॉग डिव्हायसेस कंपनीची एक चिप. सिलिकॉनचा एक अगदी सूक्ष्म तुकडा, तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला. हात हलला की तो तुकडा किंचित मागं राहतो, बसनं झटका दिला की आपण मागं जातो तसा. त्या तुकड्याला कंगव्यासारखे दाते असतात आणि शेजारच्या दात्यांपासूनचं त्यांचं अंतर बदललं की विजेच्या मोजमापात ते कळतं. यालाच अ‍ॅक्सेलरोमीटर म्हणतात. या जातीच्या चिपा 1990 च्या दशकात मोटारींच्या एअरबॅगसाठी वापरल्या जाऊ लागल्या. टक्कर झाली हे एअरबॅगला कळायला हवं ना! तीच युक्ती पुढं खेळात आली. 2009 मध्ये वीच्या कांडीला जायरोस्कोपची, म्हणजे वळण मोजणाऱ्या सेन्सरची जोड मिळाली. आज हे दोन्ही तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आणि मनगटावरच्या घड्याळात आहेत.

मी 30 वर्षं गतिशास्त्र शिकवलं. वर्गात माझा एक आवडता प्रश्न असायचा, टेबलावर स्वस्थ पडलेला अ‍ॅक्सेलरोमीटर किती दाखवेल? निम्मा वर्ग म्हणायचा शून्य. उत्तर आहे 9.8, कारण टेबल त्याला गुरुत्वाच्या विरुद्ध सतत वर ढकलत असतं. हवेत सोडून दिलात तर खाली पडताना तो शून्य दाखवेल. म्हणजे या सेन्सरला स्थिर असताना एक गोष्ट पक्की कळते, खाली कुठं आहे ती. बाकी सगळं त्याला आपण सांगावं लागतं.

स्ट्रोकनंतर रिहॅबमध्ये थेरपिस्टनं माझ्या दंडावर आणि मनगटावर काडेपेटीएवढे दोन सेन्सर पट्ट्यांनी बांधले आणि पडद्यावर सफरचंदं पडायला लागली. हात हलवून ती टोपलीत धरायची. 74 व्या वर्षी पीएच.डी. झालेला माणूस सफरचंदं पकडतोय! पहिल्या दिवशी लाज वाटली. तिसऱ्या दिवशी वेळ संपली तरी मला थांबवेना. नुसता हात वर-खाली करायला सांगितला तर दहाव्या खेपेला कंटाळा येतो, आणि मेंदूला हात पुन्हा शिकवायचा तर शेकडो खेपा लागतात. खेळाचा उपयोग तो. मात्र विम्यानं मंजूर केलेल्या फेऱ्या संपल्या आणि टोपली बंद झाली.

तेव्हा आमच्या मुलीची मुलगी, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातली, म्हणाली, "आजोबा, मी बनवते ना. हे सेन्सर चार-पाच डॉलरला मिळतात." तिचं मराठी आजीशी बोलण्यापुरतं आणि माझं प्रोग्रॅमिंग फोरट्रानपुरतं, पण आमचं जमलं. तिनं दिवाळी जवळ आली म्हणून पडद्यावर फळ्या काढल्या, एकावर एक चार, आणि त्यांवर वीस पणत्या. हात त्या उंचीला गेला की पणती लागते. वेळ दोन मिनिटं.

पहिल्या संध्याकाळी मोठी गंमत झाली. माझा हात मांडीवर होता आणि पडद्यावरचा हात हळूहळू फळीवरून, मग भिंतीवरून, मग पडद्याबाहेर निघून गेला. नात रडकुंडीला आली. मी विचारलं, "हाताची जागा कशी काढलीस?" तिनं अ‍ॅक्सेलरोमीटरच्या आकड्यांची बेरीज करून वेग काढला होता आणि वेगाची बेरीज करून अंतर. पुस्तकात बरोबर आहे हे. पण सेन्सरच्या आकड्यात 0.01 एवढी बारीकशी चूक कायम असली, तर दहा सेकंदांत जागा अर्धा मीटर चुकते आणि एका मिनिटात 18 मीटर. चूक वेळेच्या वर्गानं वाढत जाते. मी मोजपट्टी आणायला सांगितली. दंड 29 सेंटिमीटर, कोपर ते मनगट 25. लांब्या माहीत आहेत, खाली कुठं आहे ते सेन्सरला कळतं, मग नुसते कोन काढ आणि हाताचा सांगाडा जोडत जा. खांद्यापासून मनगट किती उंच, ते आपोआप मिळेल. दोन दिवसांत हात पडद्यावर जागच्या जागी राहायला लागला. ऑगस्टनंतर पहिल्यांदाच कुणाला तरी माझा काही उपयोग झाला होता. त्या रात्री मला छान झोप लागली.

आणि मी पणत्या लावायला लागलो. पहिल्या आठवड्यात नऊ, दुसऱ्यात तेरा, मग सतरा. पुण्याला भावाला फोन करून सांगितलं, वीसपैकी सतरा! ही सोफ्यावर बसून वाती वळत होती. म्हणाली, "अहो, पणत्या लागतायत खऱ्या. पण तुम्ही उजवीकडे का कलताय?"

"मी सरळच उभा आहे," मी म्हटलं.

"वाकडे होताय. डावा खांदा कानाला लागतोय."

मंडळी, मी भांडलो. स्कोअर समोर होता. नात शहाणी, ती म्हणाली, "आजोबा, आजी, आपण मोजू या." तिनं तिसरा सेन्सर माझ्या छातीवर बांधला. मी खेळलो. आलेख आला, कलणं फक्त 6 अंश. मी हिच्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

हिनं आलेखाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "ते सुरुवातीलाच वाकडे उभे होते."

इथं थोडं समजावून सांगतो. सेन्सरला उभी रेषा कळते, पण तो छातीवर नेमका कसा बसलाय, पट्टा किती तिरका आहे, हे त्याला कळत नाही. म्हणून खेळ सुरू करताना पाच सेकंद हात खाली सोडून सरळ उभं राहायचं असतं. त्या क्षणाला सेन्सर शून्य धरतो आणि पुढचं सगळं त्या शून्यापासून मोजतो. शून्य धरताना मीच उजवीकडे कललेलो असेन, तर ते कललेलं अंग त्याच्या लेखी सरळ. सेन्सर खोटं बोलत नव्हता. मी त्याला शून्यच चुकीचं दिलं होतं.

आणि ते मला कळलं नव्हतं, हे शपथेवर सांगतो. आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत, त्या वळणं मोजतात. शेजारी बारीक चुनखडीचे कण आहेत, ते तोल सांभाळतात. म्हणजे निसर्गानं जायरोस्कोप आणि अ‍ॅक्सेलरोमीटर कधीच बसवून दिलेले आहेत. माझे शाबूत होते. पण दोन महिने मी सगळा भार उजव्या पायावर टाकून उभा राहत होतो, आणि रोज तसंच उभं राहिलं की तेच सरळ वाटायला लागतं.

हिनं मला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं, दोन्ही खांदे दाबले आणि नातीला सांगितलं, "आता धर तुझं शून्य." मला तर आपण डावीकडे पडतोय असंच वाटत होतं. खेळलो. या खेपेला कलणं 19 अंश. नातीनं नियम घातला, 8 अंशांपेक्षा जास्त कललात तर पणती लागणार नाही. पुन्हा खेळलो. वीसपैकी पाच.

नात तिच्या परीनं हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, म्हणजे तुम्ही चीटिंग करत होता?"

आयुष्यभर परीक्षेत कॉपी करणाऱ्यांना मी नापास केलं. मी पट्टे काढले, टेबलावर आपटले आणि वर निघून गेलो. चार दिवस खाली उतरलो नाही. चिप्सची पिशवी घेऊन सोफ्यावर लोळणारा आमचा धाकटा मला त्या चार दिवसांत फार आठवला. त्यानं निदान ठरवून फसवलं होतं.

पाचव्या दिवशी थेरपिस्टला फोन केला. ती हसली नाही. म्हणाली, हे जवळजवळ सगळ्यांचं होतं. हात वर जात नाही, पण मेंदूला काम तर उरकायचं असतं, मग तो खांदा, कंबर, जे चालतं ते वापरतो. म्हणून अशा व्यायामात कधी कधी रुग्णाची छाती पट्ट्यानं खुर्चीला धरून ठेवतात. मग तिनं एक वाक्य सांगितलं, ते मी वहीत लिहून ठेवलंय. कप हवा असेल तर खुशाल कला, पण हात हवा असेल तर कलू नका. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मी मूळचा वाचणारा माणूस, मग वाचलं. अलाबामा विद्यापीठात एडवर्ड टॉब नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की दुबळा हात पुष्कळदा ताकद नसल्यामुळं जेवढा बसून राहतो, त्याहून जास्त तो वापरायची सवय मोडल्यामुळं बसून राहतो. त्यांच्या उपचारात चांगल्या हाताला जाड हातमोजा घालतात, जागेपणाचा बहुतेक सगळा वेळ, म्हणजे दुबळ्या हाताला काम करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. 2006 साली, म्हणजे आमच्या घरी वी आला त्याच वर्षी, अमेरिकेतल्या अनेक केंद्रांत मिळून केलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि या पद्धतीचा फायदा होतो हे दिसलं. मला कुणी हातमोजा घातला नव्हता. माझी वाट छातीवरचा तिसरा सेन्सर अडवत होता.

खाली उतरलो. नातीला सॉरी म्हटलं. हिला म्हणायचं राहिलंय, ते इथं छापील म्हणतो.

पाच पणत्यांवरून पुन्हा सुरुवात केली. पण आता आकडा बघितला की माझा जीव वर-खाली व्हायचा, अंग ताठ व्हायचं आणि पहिल्या चुकीनंतर सगळंच बिघडायचं. तेव्हा मला मिरजेच्या शाळेतले आमचे पीटीचे सर आठवले. लेझीम शिकवताना ते आमच्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि तरी ओरडायचे, "तिसऱ्या रांगेतला दुसरा!" तो मी असायचो. चाळीस मुलांच्या छनछनाटात एक उशिरा वाजलेली लेझीम त्यांना ऐकू यायची. आणि खरं तर आम्हालाही ऐकू यायची. हात नीट उघडला, नीट मिटला की लेझीम खणखणीत वाजते. अर्धवट झटका दिला की नुसती खरखर. चूक किती गुणांची ते कुणी सांगत नसे, कानाला कळे, हात आपोआप सुधारे. कथक शिकणाऱ्या मुलींच्या पायातले घुंगरू दुसरं काय करतात?

नातीला म्हटलं, आकडा काढून टाक, आवाज घाल. आपल्या मंडळाच्या गणपतीच्या मिरवणुकीतल्या लेझमी सामानाच्या खोलीत असतात, त्यातली एक मागून आणली. तिनं हातात घेऊन उलटसुलट पाहिली, लाकडी दांडा, साखळी, चकत्या, आणि विचारलं, "याला बॅटरी कुठंय?" मग तिनं तिचा आवाज फोनवर घेतला. आता माझा हात सलग आणि अंग सरळ असेल तर हाताबरोबर लेझीम वाजते. कललो की आवाज बंद. धडपडत गेलो तर खरखर. पडद्याकडे बघायचीही गरज नाही. डोळे मिटूनसुद्धा करता येतं. हालचालीचं असं आवाजात रूपांतर करण्यावर स्ट्रोकच्या उपचारांत संशोधन चालू आहे, हे मला नंतर कळलं. आमच्या सरांनी ते कुठंही प्रसिद्ध केलं नाही.

रोज संध्याकाळी साडेसहा वाजता आमचा कार्यक्रम ठरलेला. मी चौकटीला पाठ लावतो, ही समोर येऊन बघते, कधी खांद्याला बोट लावते, कधी नुसती मान हलवते. ती "हं" म्हणाली की शून्य धरायचं. नात म्हणते, आता तिसरा सेन्सर काढला तरी चालेल, आजी आहे. मी म्हणतो, राहू दे. आजीशी मी भांडतो, सेन्सरशी भांडता येत नाही.

एका वर्षात काय झालं ते प्रामाणिकपणे सांगतो, कारण अशा लेखांत शेवटी सगळं छान झालेलं असतं आणि मग ज्यांचं तसं होत नाही त्यांना वाईट वाटतं. हात खांद्याच्या वर जातो, पूर्ण जात नाही. बोटांनी शर्टाची गुंडी लागते, वेळ लागतो. चकलीचा सोऱ्या दाबता येत नाही. दमलो की अजून उजवीकडे कलतो, आणि अजूनही ते मला आधी कळत नाही. सरळ उभं राहिलं की मात्र आता पडल्यासारखं वाटत नाही.

दोन गोष्टी सांगून थांबतो. पहिली, माझ्या वयाच्या मंडळींसाठी. चेहरा एका बाजूला ओघळला, एक हात वर धरला तर खाली येतोय, बोलणं अडखळतंय, यांतलं एकही दिसलं तर चहा पिऊ नका, पेपर वाचू नका, 911 लावा. आणि लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लक्षात ठेवा, डॉक्टर तेच पहिल्यांदा विचारतात. घरातलं कुणी दोनदा "काय होतंय" म्हणालं तर त्याचं ऐका. आपलं आपल्याला सरळच दिसत असतं.

दुसरी, तुम्हा तरुण मुलामुलींसाठी, कुणी हे मराठीतून वाचत असाल किंवा आईकडून वाचून घेत असाल तर. तुम्ही खेळ बनवता, सेन्सर बांधता, स्कोअर देता. देण्याआधी बघा की तो स्कोअर काय मोजतोय, आणि समोरचा माणूस अंग न हलवता तो कसा मिळवेल. तो मिळवणारच. मी मिळवला.

आमच्या पोर्चमध्ये आकाशकंदील लावायचं काम मी या घरात आल्यापासून माझंच होतं. गेल्या वर्षी जावयांनी लावला, मी खिडकीतून बघत होतो. यंदा नातीनं शिडीवर चढायचं ठरवलंय. शिडी मी धरणार आहे, दोन्ही हातांनी. आणि ही फाटकापाशी उभी राहून सांगणार, कंदील सरळ आहे की नाही ते.